उसातला बिबट्या आणि वाकलेला माणूस

दारे धरणारा माणूस एका रात्रीत शे-दीडशे वेळा वाकतो. पाटाचे पाणी एका सरीत सोडायचे, सरी भरली की फावड्याने माती ओढून दारे बंद करायचे, पुढचे फोडायचे आणि ते भरेपर्यंत बांधावर उकिडवे बसून राहायचे. कपाळाला बॅटरी बांधलेली असते. तिचा उजेड समोरच्या चार हातांवर पडतो. पाठीमागे अंधार, आणि अंधारात दोन पुरुष उंचीचा ऊस. गोदावरी, दारणा आणि कादवेच्या काठाने निफाड, दिंडोरी, सिन्नर आणि नाशिक तालुक्यांत हे काम पिढ्यान् पिढ्या चालले आहे. आता त्या उसात बिबट्या नुसता येत-जात नाही, राहतो. तिथेच विणीला बसतो आणि तिथेच पिल्ले वाढवतो. हे गावाला माहीत आहे, वनखात्याला माहीत आहे, वीज कंपनीलाही माहीत आहे. तरी त्या माणसाने त्या वेळी, त्या जागी वाकायचे, हे वेळापत्रक काही बदलत नाही.

बिबट्याचा विषय निघाला की नाशकात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो पिंजरे लावा, गोळ्या घाला, शेतकऱ्याला बंदुकीचे परवाने द्या. दुसरा म्हणतो जंगल तुम्हीच तोडले, मग त्याने जावे कुठे. दोघेही बोलतात बिबट्याविषयीच. माणसाच्या शरीराविषयी कुणी बोलत नाही. आणि हल्ला कुणावर होणार, कधी होणार, हे बरेचसे त्या शरीराच्या उंचीवर, रोखावर आणि घड्याळावर ठरते.

निःशस्त्र माणूस बिबट्यापुढे किती दुबळा आहे, याचा हिशेब आधी मांडू. वजनात फार फरक नाही. नर बिबट्या साधारण पन्नास ते सत्तर किलोचा, मादी तीस-चाळीस किलोची. म्हणजे प्रौढ माणूस मादीपेक्षा जडच भरतो. पण बिबट्या जोरात धावला की ताशी पंचावन्न किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. जगातल्या सर्वांत वेगवान माणसाने शंभर मीटरला ९.५८ सेकंद घेतले. ती सरासरी ताशी सदतीस किलोमीटर होते, तीही सपाट ट्रॅकवर आणि धावायच्या बुटांत. ओल्या सरीत, गमबूट घातलेला पन्नाशीचा शेतकरी ताशी दहाने धावला तरी खूप. उसाच्या कडेपासून पाच मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचायला बिबट्याला एक सेकंदही लागत नाही. आवाज ऐकून मान वळवायला आणि दिसले ते काय आहे हे कळायला माणसाला तेवढाच वेळ लागतो. पळायला वेळ उरतच नाही.

डोळ्यांचा हिशेब याहून वाईट. बिबट्याच्या डोळ्यातल्या पडद्यामागे उजेड परावर्तित करणारा थर असतो. म्हणून तर बॅटरीच्या झोतात त्याचे डोळे चमकतात. चांदण्यातही त्याला वावरता येते. माणसाच्या कपाळावरची बॅटरी मात्र माणसालाच अर्धा आंधळा करते. झोतातला उजेड डोळ्याला सवयीचा झाला की झोताबाहेरचे काहीच दिसत नाही, आणि अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. बॅटरी जितकी जोरदार, तितका बाजूचा अंधार दाट. त्यात कानात मोबाइलवरची गाणी लावलेली असली तर उरलेला एक पहारेकरीही आपण होऊन झोपवला.

मग नख्या, सुळे, जबड्याचा जोर. त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण बिबट्या कुस्ती खेळत नाही. तो दबा धरतो, पोट जमिनीला लावून जवळ सरकतो आणि शेवटच्या काही मीटरांत झडप घालतो, शक्यतो मागून किंवा बाजूने. पकड मानेवर, नरड्यावर किंवा डोक्यावर. माणसाच्या मानेवर ना आयाळ, ना जाड कातडे. दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स गुहेत मानवकुळातल्या एका पोराच्या कवटीचा तुकडा सापडला, पंधरा लाख वर्षांहून जुना. त्यावर दोन भोके आहेत, आणि त्या भोकांमधले अंतर बिबट्याच्या खालच्या सुळ्यांशी जुळते. दारणाकाठची भीती आजकालची नाही, एवढे त्यावरून कळते. ती पोराचीच कवटी असावी, हेही ध्यानात ठेवण्यासारखे.

कारण या हिशेबाला दुसरी बाजू आहे. उभा असलेला, चालणारा, बोलणारा प्रौढ माणूस हे सहसा बिबट्याचे भक्ष्य नसते. शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी शेतीच्या पट्ट्यात कॅमेरे लावले, काही बिबट्यांच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणाऱ्या कॉलर घातल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. आणि तिथे माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक. त्याच भागातल्या विष्ठेच्या तपासणीतून निघाले की खाद्याच्या एकूण वजनात सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, गावठी कुत्र्यांचा. शेळ्या, मांजरे, डुकरे त्यानंतर. म्हणजे बिबट्या रोज रात्री घरांच्या आसपास फिरत होता आणि माणसांना वगळून कुत्री उचलत होता. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून पाच फुटांवर असतात आणि त्या शरीराचा आकार बिबट्याच्या सवयीच्या कुठल्याच भक्ष्यासारखा नसतो.

आता हा माणूस वाकला की काय होते ते पाहा. उंची अडीच फुटांवर येते, पाठ आडवी होते, मान पुढे, चेहरा जमिनीकडे. मागून पाहणाऱ्याला ती शेळी की वासरू की माणूस, हे अंधारात ओळखणे अवघड. गवत कापायला बसलेली बाई, उघड्यावर शौचाला बसलेला माणूस, कांद्याची रोपे उपटणारी मजूर, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जमिनीवर झोपलेले ऊसतोड्याचे पोर, अंगणात रांगणारे मूल. हल्ल्यांच्या बातम्या वाचताना गावाचे नाव आणि बिबट्याचे वय यांकडे लक्ष जाते. माणूस त्या क्षणी काय करत होता, हे एका ओळीत आटोपते. खरी बातमी त्या ओळीत असते.

म्हणून माणूस दुबळा आहे हे विधान अर्धवट आहे. सगळी माणसे सारखी दुबळी नाहीत. नाशिक शहरात कॉलेज रोडवरचा माणूस आणि निफाड तालुक्यात सायखेड्याच्या मळ्यातला माणूस यांच्या कातडीत फरक नाही, पण एक संध्याकाळी सातला दिव्याखाली उभा असतो आणि दुसरा उसाच्या कडेला वाकलेला असतो. कुणाला कधी वाकावे लागते हे मजुरीवर, विजेच्या पाळीवर, घराला दार आणि संडास आहे की नाही यावर ठरते. तिथे हा प्रश्न प्राणिशास्त्राचा राहत नाही, सार्वजनिक होतो.

इथे एक ठरलेला युक्तिवाद येतो: देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मरतात, मग बिबट्याचा एवढा बाऊ कशाला? आकडा खरा आहे. पण ज्या घरातले पोर अंगणातून उचलले गेले त्या घराला तो सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. शिवाय त्यातून निघायला हवा तो निष्कर्ष कुणी काढत नाही: सापालाही तोच माणूस सापडतो, रात्री पाण्यात अनवाणी उभा असलेला. दोघांवरचा इलाज बराचसा एकच आहे.

बंदुकीकडे वळू. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११(२) मध्ये हे स्पष्ट लिहिलेले आहे. तेव्हा कायद्याने हात बांधले आहेत, ही ओरड निदान त्या क्षणापुरती तरी खरी नाही. अडचण वेगळी आहे. दोन्ही हातांत फावडे असलेल्या, पाठमोऱ्या, वाकलेल्या माणसाच्या खांद्याला बंदूक असली काय आणि नसली काय. गढवालात रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात सरकारी नोंदीनुसार १२५ माणसे मारली, आणि त्या मुलखात बंदुका कमी नव्हत्या. बंदूक शोध घेणाऱ्याच्या कामाची असते. काम करणाऱ्याच्या पाठीचे रक्षण ती करत नाही. उलट गर्दीत, घाबरून, अंधारात उडालेली गोळी शेजारच्या मळ्यात जाते.

याहून शहाणपणाचा उपाय लोकांनी स्वतःच काढला. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही दिवसांच्या अंतराने बळी गेले, तेव्हा तिथे शेतात जाणाऱ्या बायका-माणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात बांधतो तसे. लोक हळहळले, काही हसले. पण बिबट्याची पकड कुठे बसते हे त्यांना बरोबर कळले होते. सुंदरबनात १९८६ च्या सुमारास लाकूडतोडे आणि मध गोळा करणारे डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधू लागले, वाघ पाठीवर येतो म्हणून. काही काळ गुण आला. मग वाघांना ते कळू लागले असे म्हणतात. पट्टा काय, मुखवटा काय, तात्पुरत्या गरजेला वापरावेत. माणसाने कामाला जाताना गळ्यात खिळे बांधून जावे, ही व्यवस्था म्हणून मान्य करायची गोष्ट नव्हे.

पिंजऱ्यावर जास्त बोलायला हवे, कारण आमदारापासून सरपंचापर्यंत प्रत्येकाची पहिली मागणी तीच असते. पिंजरा म्हणजे लोखंडी गजांची लांब पेटी. मागच्या बाजूला वेगळा कप्पा, त्यात शेळी किंवा कोंबड्या. पुढच्या भागात पाय पडला की दाबली जाणारी फळी आणि ती दाबली की खाली येणारे दार. वरून पाचट, फांद्या टाकून झाकायचा, तळाच्या पत्र्यावर माती पसरायची. चुका होतात त्या अशा: शेळी ओरडेनाशी होते, कारण तिला चारा-पाणी कुणी देत नाही, रोज रात्री पोरे बघायला येतात आणि माणसांचा वास सुटतो, दार जाम असते, किंवा शंभर मीटरवर उघड्या गोठ्यात सहज मिळणारे वासरू असते, मग पिंजऱ्यात कोण शिरतो. या सगळ्यांतून अडकला तरी अडकला तो कोणता? ज्याने हल्ला केला तोच, याची खात्री पिंजरा देत नाही. सगळ्यांत आधी सापडतात ती आईपासून नुकती सुटलेली, अननुभवी जनावरे.

आणि पकडलेल्याचे करायचे काय? जुन्नरने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. हल्ले वर्षाला सरासरी सतरावर गेले, आणि त्यांतले बरेच सोडल्या जागांच्या जवळ. कारणे समजायला अवघड नाहीत. रिकाम्या झालेल्या हद्दीत नवा, बहुधा तरुण नर येतो. सोडलेला बिबट्या अनोळखी मुलखात उपाशी, जखमी, बिथरलेला असतो. दहा वर्षे एका वस्तीशेजारी माणसांच्या वेळा ओळखून राहिलेली मादी आपण काढून नेतो आणि तिच्या जागी त्या वेळा न कळणारे जनावर बोलावतो.

याचा अर्थ पिंजरा कधीच नको असा नाही. त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा माणसावर हल्ला झाला, कॅमेऱ्यातला ठिपक्यांचा नमुना, ठसे आणि जखमेवरच्या लाळेची तपासणी एकाच जनावराकडे बोट दाखवू लागली, तर ते जनावर जायलाच हवे, आणि पकडता किंवा बेशुद्ध करता येत नसेल तर गोळीने. कलम ११(१) मुख्य वन्यजीव रक्षकाला लेखी कारणे नोंदवून तसा आदेश देण्याची मुभा देते. पिंपरखेडला शेवटी तेच झाले. अशा वेळी फायली फिरवत बसणे हा गुन्हा आहे. पण शेळी गेली म्हणून पिंजरा, ठसा दिसला म्हणून पिंजरा, मोबाइलवर व्हिडिओ फिरला म्हणून पिंजरा, हे गावाचे समाधान करणे झाले. नसबंदीबद्दलही तेच: करून पाहायला हरकत नाही, पण नसबंदी झालेल्या बिबट्यालाही रोज भूक लागते, आणि संख्या घटायला वर्षे जातात. मुळात संख्या किती? २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरले गेले. ती गणना प्रामुख्याने जंगलांची होती. उसातले बिबटे त्यात जवळजवळ नाहीतच.

तेव्हा खर्च कुठे व्हावा? पहिला, सर्वांत मोठा आणि सर्वांत कंटाळवाणा उपाय विजेचा आहे. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शिवाराकडे येणाऱ्या वाहिनीला, थ्री-फेज वीज चोवीस तासांतले आठेक तास मिळते, आणि ती आळीपाळीने काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रातची लाईट आली की मोटार रात्री चालू करावी लागते, आणि मोटार चालू झाली की दारे धरायला माणूस जातोच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. हेतू हाच की फीडर सौर करून वीज दिवसा द्यायची. हे काम टप्प्याटप्प्याने होते. मग टप्पे कशावर ठरावेत? जागेची उपलब्धता, उपकेंद्राची क्षमता, हे सगळे ठीक. पण माणसांवर हल्ले झालेल्या शिवारांचे फीडर यादीत आधी घेतले, तर एकाही बिबट्याला हात न लावता रात्रीची बरीच गाठभेट टळेल. वनखात्याकडे हल्ल्यांचे पंचनामे आहेत, वीज कंपनीकडे फीडरचे नकाशे आहेत. दोन कागद एका टेबलावर ठेवायला दोन खाती एकत्र बसावी लागतात, आणि आपल्याकडे बिबट्याला पकडणे त्याहून सोपे असते.

दिवसा वीज आली तरी सगळे मिटत नाही, हेही सांगायला हवे. कालव्याचे आवर्तन रात्री थांबत नाही. पाळी आली आणि रात्री पाणी घेतले नाही तर ते पुढच्याला जाते. त्यावर तोड म्हणजे रात्रीचे पाणी शेततळ्यात साठवून सकाळी ठिबकने द्यायचे. ठिबक बसवणारे व्हॉल्व्ह कुठेही, बरेचदा प्लॉटच्या मध्यभागी उसात बसवतात आणि तेही जमिनीलगत. ते रस्त्याच्या किंवा घराच्या बाजूला आणावेत आणि पाइपचा तुकडा जोडून कमरेइतके वर घ्यावेत. खर्च किरकोळ आहे; फायदा हा की व्हॉल्व्ह फिरवायला वाकावे लागत नाही आणि उसात शिरावे लागत नाही. ज्यांना पाटपाण्यावाचून गत्यंतर नाही त्यांनी एकट्याने जाऊ नये. दोघांनी जाणे याचा अर्थ दोघांनी वाकणे नव्हे. एकाने दारे धरावे, दुसऱ्याने उभे राहून उसाकडे तोंड करावे, मधून मधून बोलावे, काठी आपटावी. घुंगरांची काठी जुने लोक उगाच वापरत नव्हते. वाट पाहताना बांधावर उकिडवे बसण्यापेक्षा ट्रॅक्टरच्या सीटवर किंवा बैलगाडीत बसावे. कानात काही घालू नये.

दुसरा खर्च घराभोवतीचा. मळ्यातल्या घराच्या ओट्याला लागून ऊस लावलेला सर्रास दिसतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि जवळपास दीड वर्ष उभा असतो. म्हणजे दीड वर्ष बिबट्याला ओट्यापर्यंत आडोसा. घराच्या चहूबाजूंनी निदान पन्नास फूट कांदा, मेथी, भुईमूग, हरभरा असे बुटके पीक ठेवले तर जनावराला उघड्यावर यावे लागते आणि उघड्यावर यायला ते बिचकते. द्राक्षाचा मांडव त्या मानाने बरा, खालून आरपार दिसते. एवढी जमीन उसातून काढायची म्हणजे बारा-पंधरा गुंठ्यांचे पैसे जातात. अल्पभूधारकाला ते परवडत नसतील तर त्याची भरपाई हा संरक्षणाचाच खर्च समजावा.

गोठ्याविषयी एक गैरसमज पक्का आहे: भिंत उंच केली की झाले. बिबट्या उभ्या उभ्या आठ-दहा फूट उडी घेतो, आणि शेळी तोंडात धरून भिंतीवरून परत जातो. गोठ्याला छप्पर आणि भिंत यांच्यामधली फट बंद हवी. जाळी वापरायची तर ती कोंबड्यांची षटकोनी जाळी नव्हे. जाड तारेची चेन-लिंक, खाली फूटभर गाडलेली. दाराखाली फट नको, कडी बाहेरून. अर्धवट बंद गोठा उघड्यापेक्षा वाईट, कारण आत शिरलेल्या बिबट्याला वाट सापडत नाही आणि घाबरलेल्या गोंधळात तो एकाऐवजी दहा शेळ्या मारतो. लुकलुकणारे दिवे लावणाऱ्यांनी ते तीन-चार दिवसांनी जागा बदलून लावावेत; एका जागी ठेवलेल्या दिव्याची सवय आठवड्यात होते. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा राखणदार नसतो, आमिष असतो. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्याच्या काठी फेकल्या की आधी कुत्री जमतात, मग कुत्र्यांमागे तो येतो. खड्डा खणून चुना टाकून पुरणे, एवढे साधे काम ग्रामपंचायतीला दंड लावून करवून घेता येईल.

तिसरा मुद्दा ऊसतोडीचा. तोड चारी बाजूंनी आत आत येत गेली की शेवटच्या पाच-दहा सऱ्यांत जे काही आहे ते अडकते, आणि तिथे कोयता घेऊन माणूस वाकलेला असतो. तोड एका बाजूने सुरू करून नदीच्या, ओढ्याच्या किंवा शेजारच्या उभ्या उसाच्या दिशेने सरकवली तर जनावराला निघून जायला वाट राहते. पिल्ले सापडली तर उचलू नयेत, सेल्फीसाठी तर नाहीच. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, तोड थांबवावी, माणसे मागे न्यावीत. वनखाते पिल्लांना तपासून त्याच जागी उघडता येईल अशा खोक्यात संध्याकाळी ठेवते. बहुतेक वेळा मादी रात्रीत येऊन घेऊन जाते. पिल्ले नेली की ती मादी त्याच शिवारात शोधत, डिवचलेली फिरते. आणि तोडणाऱ्यांच्या कोप्या? उसाच्या कडेला, चिंध्यांच्या दाराच्या, आत जमिनीवर पोरे. कारखान्याच्या टोळीसाठी उसापासून दूर, कुंपण घातलेली, दिवा आणि फिरते संडास असलेली जागा देणे कारखान्याला अशक्य नाही. साखरेच्या पोत्यामागे काही पैसे त्यासाठी बाजूला काढता येतात. मजूर मतदार दुसऱ्या जिल्ह्याचे असतात, एवढीच काय ती अडचण.

समोर आलाच तर काय करायचे, हे शाळेत शिकवावे. पळू नये, पाठ फिरवू नये, वाकू नये; दगड उचलायलाही वाकू नये, आधीच हातात काठी असावी. ताठ उभे राहावे, हात किंवा उपरणे डोक्यावर धरून मोठे दिसावे, मोठ्याने ओरडावे. लहान मूल जवळ असेल तर नजर न काढता, कंबरेतून न वाकता, गुडघे मोडून उचलावे. मग तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरकावे आणि त्याला निघायची वाट मोकळी ठेवावी. अंगावर आलाच तर मेल्याचे सोंग उपयोगाचे नाही. दोन्ही हातांनी मान झाकावी, उभे राहायचा प्रयत्न करावा, डोळे आणि नाक यांवर मारावे.

पंजा लागला, दात लागले, नुसता ओरखडा आला, तरी जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. हळद, चुना, तंबाखू काही भरू नये. वन्यप्राण्याचा चावा रेबीजच्या दृष्टीने तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात धरतात. लसीबरोबर सीरम, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिद्रव्ये, लागते, वजनाप्रमाणे: माणसापासूनचे किलोला वीस युनिट, घोड्यापासूनचे चाळीस, आणि ते जितके जाईल तितके जखमेतच टोचायचे. धनुर्वाताचे इंजेक्शन, प्रतिजैविके. खोल जखम घाईने शिवून टाकू नये. लस बऱ्याच ठिकाणी मिळते. सीरम मिळतेच असे नाही, आणि सायखेड्याहून रात्री नाशिकचे जिल्हा रुग्णालय गाठेपर्यंत वेळ जातो. मृत्यू झाल्यास सरकार पंचवीस लाख देते. तालुक्याच्या रुग्णालयात दहा जखमींपुरते सीरम फ्रीजमध्ये ठेवायला त्याच्या किती अंश खर्च येतो, हा हिशेब कुणी तरी करून विधानसभेत विचारावा.

शहरापुरते थोडक्यात. २०१९ च्या जानेवारीत गंगापूर रोडवरच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला तेव्हा काही जण जखमी झाले. त्यानंतरही नाशकात अशा घटना घडत आल्या. दर वेळी घोटाळा गर्दीचा असतो. बेशुद्धीचे औषध लागू व्हायला पाच-दहा मिनिटे जातात, चिडलेल्या जनावराला त्याहून जास्त. त्या मिनिटांत त्याला दिसतात ते गच्चीवरून ओरडणारे आणि मोबाइल धरून बोळ अडवणारे लोक. जमावबंदीचा आदेश बिबट्या दिसल्यापासून पंधरा मिनिटांत निघायला हवा. वालदेवी, नासर्डी या नद्या त्याचे रस्ते आहेत, त्यांच्या काठचा कचरा त्याचा शिधा आहे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी पाड्यांवर वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते. दगडावर किंवा लाकडावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले असतात आणि ठाणे बहुधा शिवेवर असते. निफाडच्या बागायतीत शीव म्हणजे सातबाऱ्यावरची रेघ, आणि बिबट्याला ती दिसत नाही. तिथे त्या ठाण्याची जागा एखाद्या वहीला घ्यावी लागेल. ग्रामपंचायतीत ठेवलेली, कुणी, कुठल्या गटात, किती वाजता, काय दिसले ते लिहिण्याची वही. आणि तिच्या शेजारी भिंतीवर त्या आठवड्याच्या फीडरचे वेळापत्रक. ज्या गटात कालपरवा मादी पिल्लांसह दिसली, त्या गटाची पाळी रात्री साडेदहाची आहे की सकाळची, हे ग्रामसेवकाला दोन्हीकडे पाहून अर्ध्या मिनिटात कळेल, आणि उपकेंद्राला फोन लावायला आणखी अर्धे.